लोडर एकाचा, नाव दुसऱ्याचं: मोठ्या कंपन्या छोटे लोडर दुसऱ्याकडून का बनवून घेतात?

यंत्रभाडे_नाशिक

जुन्या परदेशी यंत्रांच्या जाहिराती बघताना एक गोष्ट सारखी खटकते. गेलचा सीटीएल७०, मस्टँगचा एमटीएल२० आणि ताकेउचीचा टीएल१४० हे तिन्ही रबर ट्रॅकवाले लोडर शेजारी ठेवून पाहिले, तर रंग आणि स्टिकर सोडून फरक सापडत नाही. व्होल्वोच्या सी मालिकेतला स्किड स्टिअर (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) पाहिला तर बूम, म्हणजे बकेट उचलणारा हात, फक्त उजव्या बाजूला आणि चढायचं दार डावीकडे, म्हणजे सरळसरळ जेसीबीची ठेवण. १९९० च्या दशकातले जॉन डिअरचे काही स्किड स्टिअर तर न्यू हॉलंडचेच म्हणून ओळखले जातात.

या कंपन्यांकडे कारखाने आहेत, इंजिनिअर आहेत, पैसा आहे. वीस-तीस टनांचं यंत्र बनवणाऱ्याला तीन-चार टनांचा लोडर जमत नाही, हे पटत नाही. मग हे का करतात? आणि घेणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, यंत्र मूळ कोणाचं हे ओळखायचं कसं आणि पार्ट कुणाकडे मागायचे? जाणकारांनी जरा खोलात जाऊन सांगावं.

---

पंप_आणि_मोटर

यंत्र बनवता येणं वेगळं आणि ते परवडेल इतक्या संख्येने विकता येणं वेगळं. सगळं इथेच अडतं.

हिशेब मांडून बघा. आकडे मानीव आहेत, पण तर्क खरा आहे. नवीन लोडरची मालिका उभी करायला १०० कोटी लागतात असं धरा. त्यात डिझाइन, नमुना यंत्रं, वेल्डिंगची जिग, चाचण्या, पार्टची पुस्तकं, डीलरच्या मेकॅनिकचं प्रशिक्षण असं सगळं आलं. वर्षाला ५०० नग विकणाऱ्या कंपनीचे पाच वर्षांत २,५०० नग होतात, म्हणजे प्रत्येक नगावर ४ लाखांचा बोजा. वर्षाला १०,००० नग काढणाऱ्याचे पाच वर्षांत ५०,००० होतात आणि बोजा उरतो २०,००० रुपयांचा. दोघांचे लोडर एकाच बाजारात, जवळपास एकाच किमतीला विकायचे आहेत. पहिल्याने कितीही कसोशीने काम केलं तरी ही तफावत भरून निघत नाही. इंजिन, हायड्रोस्टॅटिक पंप (तेलाला दाब देणारा) आणि ट्रॅव्हल मोटर (त्या दाबाने चाकं किंवा ट्रॅक फिरवणारी) या तीन महागड्या वस्तू बहुतेक जण बाहेरूनच घेतात आणि तिथेही जास्त नग घेणाऱ्याला भाव चांगला मिळतो. त्यामुळे या तफावतीत आणखी भर पडते.

चाचण्यांचा खर्चही लोक कमी धरतात. चालकाच्या डोक्यावरचा पिंजरा, ज्याला रॉप्स म्हणतात, तो आयएसओ ३४७१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासताना फ्रेमवर आडवा, उभा आणि लांबीच्या दिशेने भार देतात. तपासलेली फ्रेम वाकते आणि भंगारात जाते. यंत्राचं वजन मंजूर मर्यादेच्या वर गेलं की पुन्हा तेच सगळं. पाच मॉडेलची मालिका असेल तर हे काम पाच वेळा करावं लागू शकतं.

मग हा वर्ग सोडूनच का देत नाहीत? कारण डीलर सोडू देत नाही. मोठा एक्सकॅव्हेटर घेणारा कंत्राटदार त्याच वेळी गटाराच्या कामाला, गोदाम साफ करायला, अरुंद गल्लीत माती ओढायला एक छोटा लोडर मागतो. डीलरकडे तो नसेल तर गिऱ्हाईक समोरच्याच्या आवारात जातं, तिथला विक्रेता ओळखीचा होतो, कर्जाची फाइल तिथे तयार होते आणि पुढचा एक्सकॅव्हेटरही तिथूनच जातो. छोटा लोडर स्वतः फार कमवून देत नसला तरी तो नसल्याने मोठं गिऱ्हाईक हातचं जातं. त्यात स्किड स्टिअरचं अटॅचमेंट जोडायचं तोंड आयएसओ २४४१० प्रमाणे जवळपास सगळ्यांचं एकसारखं झालेलं. बकेट, ब्रेकर, ऑगर, झाडू तेच ठेवून लोडर बदलता येतो. म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जायला गिऱ्हाइकाला काहीच अडत नाही.

आता धुराचे नियम. अमेरिकेतल्या 'टिअर ४ फायनल' या धूर-नियमांत ५६ किलोवॅट ही फार मोलाची रेषा आहे. त्याखालच्या इंजिनाला, म्हणजे ३७ ते ५६ किलोवॅटच्या गटाला, नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास चालतं. रेषेच्या वर गेलात की एकट्या नायट्रोजन ऑक्साइडला ०.४० ग्रॅमची मर्यादा, म्हणजे बहुतेक ठिकाणी युरियाची टाकी आणि एससीआर (युरिया फवारून धूर शुद्ध करणारी यंत्रणा) आलंच. म्हणून इतके लोडर नेमके ७४ अश्वशक्तीचे दिसतात; ७५ अश्वशक्ती म्हणजेच ५६ किलोवॅट. रेषेखाली राहिलं तरी काजळीची मर्यादा ०.०३ ग्रॅम आहेच, त्यामुळे धूर शुद्ध करणारा डबा बसवावा लागतो. छोट्या लोडरच्या मागच्या दारामागे हाताचा पंजा जाईल एवढी जागा नसते. तो तापलेला डबा तिथे बसवायचा म्हणजे रेडिएटर, पंखा, तेलाचा कूलर, वजनाचा तोल सगळं नव्याने मांडायचं. थोडे नग विकणाऱ्या कंपनीला अशा वेळी ठरवावं लागतं की पुन्हा खर्च करायचा की दुसऱ्याकडून तयार यंत्र घ्यायचं.

डिअरचं उदाहरण यातलं सगळ्यात शिकण्यासारखं. १९९० च्या दशकात त्यांनी न्यू हॉलंडने बनवलेले स्किड स्टिअर आपल्या नावाने विकले. डिअर ६६७५ म्हणजे एलएक्स६६५ चा भाऊ आणि ८८७५ म्हणजे एलएक्स८८५ चा. यंत्राच्या मागच्या बाजूने वर जाणारी न्यू हॉलंडची ती खास बूमची मांडणी दोन्हीकडे जशीच्या तशी आहे. या काळात डीलरचं जाळं तयार झालं, मेकॅनिक शिकले, कुठल्या आकाराला मागणी आहे हे कळलं. दशक संपता संपता डिअरने २४० आणि २५० ही स्वतःच्या डिझाइनची यंत्रं आणली. दुसऱ्याचं यंत्र विकून आधी बाजार बांधायचा आणि संख्या पुरेशी झाली की स्वतः उतरायचं, ही विचारपूर्वक केलेली चाल असते.

बनवणारा का तयार होतो? कारखान्याची एक पाळी रिकामी असते, तीच लाइन भरते, स्थिर खर्च वाटला जातो आणि जिथे स्वतःचे डीलर नाहीत तिथे माल पोहोचतो. ताकेउची ही जपानची कंपनी. रबर ट्रॅकच्या लोडरमध्ये ती १९८६ पासून आहे. गेल ही विस्कॉन्सिनची जुनी कंपनी, अमेरिकेच्या शेतकरी भागात तिचे डीलर घट्ट रुजलेले. दोघांना एकमेकांची गरज होती. १९९७ मध्ये मस्टँग गेलकडे आल्यावर तेच यंत्र तिसऱ्या रंगातही निघालं. सीटीएल६०, एमटीएल१६ आणि टीएल१३० ही तशीच आणखी एक तिळी.

---

ट्रॅकरोलर

वरच्या उत्तराशी सहमत, पण एक भर घालतो, कारण 'रीब्रँड', म्हणजे एकाचं यंत्र दुसऱ्याच्या नावाने विकणं, या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार ढकलले जातात आणि घेणारा फसतो.

पहिला प्रकार एकाच मालकाचा. केस आणि न्यू हॉलंड या दोन ब्रँडचे आजचे स्किड स्टिअर एकाच घरातले आहेत. दोन्ही सीएनएच या समूहाच्या मालकीचे, दोन्हींची यंत्रं कॅन्ससमधल्या विचिटाच्या कारखान्यात बनलेली. व्हॅकर नॉयसन आणि वाइडेमान या जर्मन नावांचंही तसंच, एकाच समूहातले कंबरेत वळणारे छोटे व्हील लोडर. इथे कंत्राट संपून पार्ट बंद होण्याची भीती नाही, मालक एकच आहे.

दुसरा प्रकार अर्ध्या यंत्राचा. कॅटरपिलरच्या २४७, २५७, २६७, २७७, २८७ या मल्टी टेरेन लोडरचं वरचं यंत्र कॅटचं आणि खालचा ट्रॅकचा सांगाडा मिनेसोटाच्या एएसव्ही कंपनीच्या तंत्राचा. या ट्रॅकमध्ये पोलादी गाभा नसतो. आतल्या बाजूला रबराचे दात असतात, त्यांना ड्राइव्ह ढकलतो आणि चाकं ओळीने भरपूर असल्याने वजन पसरतं. चिखलात आणि हिरवळीवर हे यंत्र सुरेख चालतं. मात्र दगडाच्या भरावात किंवा तोडफोडीच्या कामात आतले दात आणि छोट्या चाकांची कड लवकर झिजते, आणि दुरुस्ती महाग पडते. कॅटच्या ज्या मॉडेलच्या शेवटी ९ आहे, म्हणजे २५९, २७९, २८९, २९९, त्यांचा ट्रॅक पोलादी गाभ्याचा. शेवटचा आकडा ७ की ९ एवढं पाहिलं तरी ट्रॅक आणि रोलरच्या खर्चाचा अंदाज येतो.

तिसरा प्रकार पूर्ण यंत्राचा, ताकेउची-गेल किंवा जेसीबी-व्होल्वोसारखा. व्होल्वोची सी मालिका जेसीबीच्या जॉर्जियातल्या सवाना इथल्या कारखान्यात बनत होती. पुढे व्होल्वोने हा वर्गच सोडला.

आणि एक सापळा सांगतो. कधी नाव तेच राहतं आणि आतलं यंत्र बदलतं. क्लासचा स्कॉर्पिअन हा शेतीतला टेलिहँडलर (लांब होणाऱ्या हाताचा लोडर) आधी क्रामर बनवत असे. २०१७–१८ च्या सुमारास ते काम लीभेरकडे गेलं. क्लासचा टोरिअन व्हील लोडरही लीभेरचाच. आता फक्त "स्कॉर्पिअनचा जॅक हवा" असं सांगून पार्ट मागवला तर चुकीच्या कारखान्याचा पार्ट येऊ शकतो. साल आणि सिरियल नंबर सांगितल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

---

ग्रीसनिपल

ओळख कशी पटवायची आणि पार्ट कसे मिळवायचे, यावर सविस्तर लिहितो, कारण नुकसान इथेच होतं.

आधी यंत्राची प्लेट. आयएसओ १०२६१ प्रमाणे १७ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो आणि पहिली तीन अक्षरं निर्मात्याचा संकेत असतात. पण यावर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. विकणाऱ्या ब्रँडचा संकेतही तिथे येतो. व्होल्वोच्या यंत्रांवर व्हीसीई असतं. यात लपवाछपवी नाही. युरोपच्या यंत्र निर्देशात, २००६/४२ मध्ये, जो आपल्या नावाने यंत्र बाजारात आणतो तोही निर्माताच धरला जातो. त्यामुळे प्लेटवर ब्रँडचं नाव असणं कायद्याला धरूनच आहे, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

उत्तर आतल्या पार्टवर मिळतं. केबिन पुढे किंवा वर उलटा, टेकू नीट लावा, टेकूशिवाय खाली डोकं घालू नका. चिंधी आणि डिझेल घेऊन पंपावरची पत्र्याची पट्टी पुसा. तिथे पंप बनवणाऱ्याचं नाव आणि लांबलचक टाइप कोड असतो. मोटरवर तशीच दुसरी पट्टी. वायरिंगच्या जुडग्यावर, बहुतेक वेळा फ्यूजपेटीजवळ, छापील कागदी पट्टी असते. तिच्यावर लोडर बनवणाऱ्या कारखान्याचा पार्ट नंबर असतो आणि ब्रँड बदलला तरी ही पट्टी सहसा कुणी बदलत नाही. बूमच्या पिनजवळच्या ओतीव भागांवर उठावाचे आकडे असतात, त्यांचाही फोटो घ्या. हे चार फोटो घेऊन बसलात की मूळ यंत्र बहुतेक वेळा सापडतं.

रंगाबद्दल एक उपयोगाची खूण. बनवणारा कारखाना विकणाऱ्या ब्रँडचा रंग सुरुवातीलाच देतो. त्यामुळे खऱ्या रीब्रँड यंत्राच्या ओरखड्यात खाली प्रायमर दिसेल, दुसरा रंग दिसणार नाही. खाली दुसरा रंग दिसला, किंवा होज पाइप, ग्रीस निपल आणि वायरवर रंगाचे शिंतोडे दिसले, तर नंतर कुणीतरी यंत्र रंगवून स्टिकर चिकटवले आहेत. अशा यंत्राची तासांची नोंदसुद्धा संशयाने पाहा.

आता पार्ट. फिल्टर आकाराने जुळला म्हणून लावू नका. आटे, गॅस्केटचा व्यास, किती मायक्रॉन आणि बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, या चारही गोष्टी जुळायला हव्यात. बायपास कमी दाबाला उघडणारा फिल्टर बसला तर सकाळच्या थंड, जाड तेलात तो उघडतो आणि न गाळलेलं तेल पंपात जातं. पंपाच्या पिस्टनचे बूट घासतात आणि ते कळेपर्यंत महिने जातात. बेअरिंगचं उलट आहे. त्यावर जागतिक नंबर कोरलेला असतो. ६३०८ म्हणजे ४० मिलिमीटर आतला व्यास, ९० बाहेरचा, २३ जाडी. चांगल्या नावाचं तेच बेअरिंग बाजारातून बिनधास्त घ्या, फक्त नंबरापुढची अक्षरं, म्हणजे सील आणि क्लिअरन्स, पाहून घ्या.

पंप मागवताना पूर्ण टाइप कोड द्या. तोच आकार, तीच क्षमता, पण चार्ज प्रेशरची, म्हणजे मुख्य पंपाला तेल पुरवत राहणाऱ्या कमी दाबाची, सेटिंग कमी असलेला पंप बसला तर यंत्र चालतं आणि म्हणून चूक लक्षात येत नाही. मोटरमधला पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि चार्जच्या दाबाने सुटतो. दाब कमी पडला की ब्रेक अर्धवट धरून राहतो, प्लेटा जळतात, मोटर तापते, आणि दोष मोटरवर येतो.

रबर ट्रॅकवर आतून ४५०×१००×४८ असं काहीतरी छापलेलं असतं: रुंदी मिलिमीटरमध्ये, दोन पोलादी कड्यांमधलं अंतर, आणि एकूण कड्या. हे तीन आकडे जुळूनही ट्रॅक उतरू शकतो, कारण रोलर कड्याच्या मधोमध चालतो की दोन्ही कडांवर, हे छापलेलं नसतं. म्हणून ट्रॅकच्या आतल्या बाजूचा, पट्टी ठेवून काढलेला फोटो पाठवा. तिळ्या यंत्रांचा फायदा इथे मिळतो. गेलचा ट्रॅक मिळत नसेल तर दुकानदाराला ताकेउचीचं मॉडेल सांगा, माल तोच असतो.

भावाचंही तसंच. एकच सील किट दोन ब्रँडच्या काउंटरवर वेगळ्या किमतीला मिळते आणि दर वेळी मूळ कारखान्याचीच स्वस्त असते असंही नाही. दोन्हीकडे विचारा.

एका ठिकाणी मात्र हा मार्ग बंद होतो: इलेक्ट्रॉनिक्स. डिस्प्ले, कंट्रोलर, जॉयस्टिक हे दिसायला तेच असतात, पण सॉफ्टवेअर ब्रँडप्रमाणे वेगळं. दुसऱ्या ब्रँडचा कंट्रोलर लावला तर यंत्र सुरू होईल, पण बूम लॉकच सुटणार नाही, असं होऊ शकतं. तपासणीचा लॅपटॉपही दुसऱ्या ब्रँडचं यंत्र ओळखत नाही. घेताना डिस्प्लेवर कुठलाही चालू दोष-कोड नाही, एवढं समोर उभं राहून बघा.

---

यंत्रभाडे_नाशिक

ग्रीसनिपल, फार उपयोगी माहिती दिलीत, मनापासून आभार. दोन शंका. व्होल्वोसारखी कंपनी बाहेर पडली किंवा दोघांचं कंत्राट संपलं, तर पार्ट देण्याची जबाबदारी कोणावर? आणि एकाच यंत्राच्या दोन माहितीपत्रकांत उचलण्याची क्षमता वेगळी छापलेली असते, ते कसं?

---

पंप_आणि_मोटर

क्षमतेचं आधी सांगतो, ते सोपं आहे. आयएसओ १४३९७ मध्ये चाकाच्या स्किड स्टिअरला यंत्र उलटण्याच्या भाराच्या ५० टक्के आणि ट्रॅकवाल्याला ३५ टक्के ही ठरवून दिलेली क्षमता धरतात. उलटण्याचा भार २,००० किलो असेल तर ट्रॅकवाल्याची क्षमता ७०० किलो. काही माहितीपत्रकांत ५० टक्क्यांचा आकडाही देतात, तो होतो १,०००. यंत्र तेच, उचलतंही तेवढंच. त्यात एकाने मागे जादा वजन लावून मोजलं आणि दुसऱ्याने न लावता, तर आणखी फरक पडतो. तुलना नेहमी उलटण्याच्या भारावर करा.

आता कंत्राट. विकणारा ब्रँड आणि बनवणारा यांच्यात पुढचे काही महिने किती नग घेणार याचा अंदाज ठरतो, त्यातले जवळचे महिने पक्के असतात. हे पक्के नग उचलावेच लागतात. बाजार अचानक बसला तर ब्रँडच्या आवारात यंत्रं साठतात आणि मग ती सवलतीत निघतात. मागच्या वर्षीचं, कधीच न चाललेलं यंत्र कमी भावात दिसतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

वॉरंटीत खरी ओढाताण होते. बनवणारा पार्ट देतो आणि मजुरीचे ठरलेले तास देतो. पण डीलरच्या मेकॅनिकला ते यंत्र सरावाचं नसतं. जे काम कारखान्याच्या तक्त्यात चार तासांचं, त्याला सात तास लागतात. वरचे तीन तास ब्रँडने सोसायचे की डीलरने, यावर वाद होतो आणि तोवर यंत्र उभं. त्यामुळे रीब्रँड यंत्र नवीन घेताना डीलरला एकच विचारा: या मॉडेलचं प्रशिक्षण घेतलेला माणूस तुमच्याकडे कोण आहे आणि ट्रॅव्हल मोटर, चार्ज पंप, डिस्प्ले यातलं आज काय साठ्यात आहे? उत्तरातून सगळं कळतं.

बदलांची सूचना हे दुसरं दुखणं. बनवणारा कारखाना मध्येच मोटर किंवा व्हॉल्व्ह बदलतो. स्वतःच्या पार्टच्या पुस्तकात तो लगेच नोंद करतो, ब्रँडच्या पुस्तकात ती उशिरा चढते. म्हणून पुस्तकात एक पार्ट आणि यंत्रात दुसराच, असं निघतं. सिरियल नंबरवरूनच मागवा हे ट्रॅकरोलर यांनी सांगितलं ते यासाठीच. फ्रेमवर ब्रँडच्या क्रमांकाशिवाय कारखान्याचा वेगळा क्रमांक ठोकलेला असेल तर तोही लिहून ठेवा.

कंत्राट संपल्यावर पार्ट ठरावीक वर्षं देत राहण्याचं कलम सर्वसाधारणपणे असतं, आणि गिऱ्हाइकापुढे जबाबदार तोच ज्याचं नाव बॉनेटवर आहे. फिल्टर, सील, पिन-बुश, ट्रॅक यांची चिंता नको, ते बाहेर मिळतात. अडतं ते त्या ब्रँडपुरत्या बनवलेल्या वस्तूंचं: बॉनेट, काच, डिस्प्ले, सीटखालचं वायरिंगचं जुडगं. शेवटची खरेदी करून ठेवलेला साठा संपला की संपला.

भागीदाराची मालकी बदलणं हा यातला सगळ्यात मोठा धोका. एएसव्हीचंच घ्या. तिचं तंत्र कॅटच्या यंत्राखाली होतं आणि २००८ मध्ये टेरेक्सने ती कंपनी विकत घेतली. म्हणजे स्पर्धकच पुरवठादार झाला. २०१९ मध्ये ती यानमारकडे गेली. २००८ मध्येच मॅनिटूने गेल घेतली, आणि पुढे गेलने ट्रॅक लोडरची आरटी मालिका स्वतःची काढली. म्हणून जुना सीटीएल७० आणि नंतरचा आरटी हे दोन्ही गेल असले तरी पार्टच्या दृष्टीने दोन वेगळी घराणी आहेत.

---

ट्रॅकरोलर

आपल्याकडच्या संदर्भात थोडं. महाराष्ट्रात स्किड स्टिअर कुठल्याही कंपनीचा असो, साइटवर त्याला बॉबकॅटच म्हणतात आणि बॅकहोला जेसीबी. पार्टच्या दुकानातही तेच चालतं. "बॉबकॅटचा चेन केसचा सील द्या" म्हटलं की दुकानदार खऱ्या बॉबकॅटचा काढून देतो. दुकानात ब्रँड नाही, मॉडेल सांगा, आणि शक्य असेल तर काढलेला जुना सील हातात घेऊन जा. सीलवर तीन मापं छापलेली असतात.

भारतात नव्या यंत्राला बांधकाम वाहनांच्या धुराचे स्टेज ४ चे नियम १ एप्रिल २०२१ पासून आणि स्टेज ५ चे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. टाइप ॲप्रूव्हलचं, म्हणजे मॉडेल नियमांत बसतं याचं, प्रमाणपत्र निर्माता आणि मॉडेल यांच्या नावाने निघतं. पुण्याची एआरएआय ही त्यासाठीच्या मान्य संस्थांपैकी एक. म्हणजे परदेशी यंत्रावर नवं नाव लावून इथे आणणं हे निव्वळ स्टिकरचं काम उरत नाही, कागदांचा सगळा संच लागतो. नवं यंत्र घेताना ज्या नावाने बिल आहे त्याच नावाने प्रमाणपत्र आहे का, हे बघा. नोंदणीच्या वेळी अडकायला नको.

---

ग्रीसनिपल

नाशिककर, जुना ट्रॅकवाला बघायला जाल तेव्हा एक छोटं काम करा. यंत्र थंड असताना सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. दोन्ही लिव्हर सारख्या पुढे ढकलून ५० मीटर मोकळ्या जागेत चालवा. एका बाजूला ओढतं का ते पाहा आणि तेल गरम झाल्यावर पुन्हा तपासा. थंडपणी सरळ आणि गरम झाल्यावर ओढत असेल, तर त्या बाजूच्या पंपाची किंवा मोटरची आतली गळती वाढली आहे. मोटरच्या केस ड्रेनची, म्हणजे आत गळलेलं तेल टाकीकडे नेणारी, नळी सोडून, स्वच्छ बाटलीत एक मिनिट तेल धरून दोन्ही बाजूंची तुलना करा. ट्रॅक अडवून, इंजिन मंद ठेवून आणि दुसऱ्या माणसाला लिव्हरवर बसवूनच हे करायचं. दोन्ही बाजूंत ठळक फरक असेल तर मोटरचा टाइप कोड लिहून घ्या, त्या कोडवर मोटरचा भाव काढा आणि तो यंत्राच्या किमतीतून वजा करून मगच बोली लावा.